पोटात फुगणारं पीठ

वऱ्हाडात रोडग्यांचा स्वयंपाक असला की गावातल्या कुत्र्यांना वेगळं आवतण लागत नाही. संग्रामपूर तालुक्यात वरवट बकालकडच्या काळ्या जमिनीपासून थेट सातपुड्याच्या पायथ्याला सोनाळा-टुनकीपर्यंत हे दृश्य सारखंच असतं. मारुतीच्या पाराजवळ गोवऱ्या पेटलेल्या, बाजूला वांग्याच्या भाजीचं मोठं भांडं, आणि परातींत मळून ठेवलेली कणीक. कुणाच्या तरी हातून एखादा गोळा मातीत पडतो. माणूस तो पुन्हा परातीत टाकत नाही, आणि कुत्रं तो मातीत राहू देत नाही. गोळा पोटात जातो, कुत्रं पुढच्या गोळ्याची वाट बघत बसतं. त्याला काहीही होत नाही.

होणारही नाही. रोडग्याची कणीक तेला-तुपाचं मोहन देऊन घट्ट मळलेली असते, तिच्यात जिवंत असं काही मुद्दाम मिसळलेलं नसतं. ज्वारीच्या भाकरीचं पीठ तर मळलं की लगेच तव्यावर जातं. त्यामुळे पीठ कुत्र्याला चालतं, ही गावाची समजूत अनुभवातून आलेली आहे, आणि विज्ञानही तिच्या बाजूने आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातील एरिक अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी 2013 साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की लांडग्याचं पाळीव कुत्रं होताना पिष्टमय पदार्थ पचवण्याची ताकद वाढत गेली. स्टार्च फोडणारं अमायलेज नावाचं विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती असतात, कुत्र्यांत 4 पासून 30 पर्यंत. माणसाच्या शेतीबरोबर कुत्र्याचं पोटही बदललं. भाकरतुकड्यावर जगणारं गावठी कुत्रं म्हणजे उपासमारीने मांस सोडलेला लांडगा नव्हे.

अडचण सुरू होते ती पिठात यीस्ट पडलं की. आणि यीस्ट आता शहरापुरतं राहिलेलं नाही. 2020 च्या टाळेबंदीत घरोघरी पाव, पिझ्झा, डोनट करून बघण्याची लाट आली आणि किराणा दुकानात यीस्टच्या पुड्या मागितल्या जाऊ लागल्या. तालुक्याच्या गावी केक-पावाची ऑर्डर घेणाऱ्या बायका आहेत. लग्नाच्या मांडवात पुरी-पोळीच्या जोडीला नान आणि कुलचा आला. आचाऱ्याच्या तंबूत ओल्या फडक्याखाली मैद्याचे गोळे फुगत ठेवलेले असतात. नानचं पीठ कुणी दही-सोड्यावर भिजवतो, कुणी यीस्टवर. फडकं बाजूला सारून पाहिलं तरी वरून कळत नाही. बोटाने दाबलं की खड्डा पडतो आणि हळूहळू भरून येतो, जवळ नाक नेलं तर आंबूस, किंचित दारूसारखा वास येतो. असा वास आला की ते पीठ जिवंत आहे असं धरून चालावं.

यीस्ट ही एकपेशीय बुरशी. पावासाठी वापरतात तिचं शास्त्रीय नाव सॅकरोमायसीस सेरेव्हिसी, आणि बिअरही तीच बनवते. हवा कमी असली की ती साखर खाते आणि दोन गोष्टी बाहेर टाकते: कार्बन डायऑक्साइड वायू आणि इथाइल अल्कोहोल. वायूने पीठ फुगतं. अल्कोहोल भट्टीत उडून जातं, म्हणून पाव खाऊन कुणी झिंगत नाही. लुई पाश्चरने 1850 च्या दशकाच्या अखेरीस या कामाला हात घातला आणि आंबण्याची क्रिया हे सूक्ष्मजीवांचं जगणं आहे, हे ठासून मांडलं. (पाश्चरचं नाव लक्षात असू द्या. या प्रकरणात तो आणखी एकदा येणार आहे, आणि तेव्हा यीस्टसाठी नव्हे.) गोव्यातले पोदेर पूर्वी माडाची सूर घालून पाव फुगवत. पोर्तुगीजांना इथे युरोपातलं खमीर मिळेना, तेव्हा सुरेतल्या यीस्टने ती गरज भागवली. म्हणजे पाव आणि दारू यांचं नातं आपल्याकडेही जुनंच आहे.

आता हे पीठ कुत्र्याच्या पोटात गेलं की काय होतं ते पाहू. पावाच्या यीस्टला पस्तीस-अडतीस अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब मानवते. निरोगी कुत्र्याच्या शरीराचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश. ओल भरपूर, अंधार, हवा कमी, आणि ढवळणारी जठराची हालचाल. जठरातलं आम्ल यीस्टला मारून टाकेल असं वाटतं, पण यीस्ट आम्लाला बऱ्यापैकी टिकतं, शिवाय पिठाचा मोठा गोळा असला की आम्ल आतपर्यंत पोचतच नाही. त्यात कुत्रं चावून खात नाही, गिळतं. ग्लुटेनने चिवट झालेला गोळा अख्खाच्या अख्खा आत उतरतो. मैद्यातलं स्टार्च फोडून साखर करणारी विकरं पिठातच असतात, म्हणजे यीस्टला खाद्याचा पुरवठाही चालू राहतो. बेकरीवाला ज्या परिस्थितीसाठी भट्टीजवळची उबदार जागा शोधतो, ती इथे आयती मिळते.

किती वायू, किती अल्कोहोल? हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्राचा आहे. 180 ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं तर 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे 10 ग्रॅम साखरेमागे जवळपास 5 ग्रॅम अल्कोहोल आणि तेवढ्याच वजनाचा वायू. वायूचे 5 ग्रॅम म्हणजे किरकोळ वाटतं, पण शरीराच्या तापमानाला ते अडीच लिटरच्या वर जागा व्यापतात. दोन चमचे साखरेचा हा प्रताप. अल्कोहोलचं बघायचं तर तीन किलोचं पिल्लू घ्या. त्याच्या अंगात साधारण 2 लिटर पाणी. 5 ग्रॅम अल्कोहोल सगळं त्यात उतरलं असं धरलं तर दर 100 मिलिलिटरला 250 मिलिग्रॅम. मोटार वाहन कायद्याप्रमाणे आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो. पिल्लू त्या मर्यादेच्या आठपट पुढे गेलेलं असेल. प्रत्यक्षात आकडा खाली येतो, कारण सगळी साखर एकदम आंबत नाही आणि यकृत मधल्या काळात काही अल्कोहोल मोडतं. पण पिल्लाच्या यकृताकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. पंधरा किलोच्या मोठ्या कुत्र्यात तेवढंच अल्कोहोल पाचपट पाण्यात विरतं, म्हणून त्याला त्या गोळ्याने कदाचित नुसती सुस्ती येईल. वजन किती आणि पीठ किती, यावर सगळं अवलंबून.

संकटं दोन असतात आणि ती एकमेकांची वाट बघत नाहीत. पहिलं पोट फुगण्याचं. ज्याच्या गोठ्यात जनावर आहे त्याला पोटफुगी समजावून सांगावी लागत नाही. लग्नाच्या उरलेल्या भाताने, ओल्या लुसलुशीत चाऱ्याने गाय-बैल फुगतात, डावी कूस वर येते, डॉक्टर नळी घालतात किंवा अगदीच वेळ आली तर कुशीत टोचून वायू काढतात. कुत्र्याचं जठर मात्र एकच आणि त्याची ठेवण वेगळी. फुगलेलं जठर पोटातल्या मोठ्या नीलेवर दाब आणतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, आणि फुगता फुगता जठराला पीळ पडला तर दोन्ही वाटा बंद होतात. मग वायू ढेकरेनेही बाहेर येत नाही आणि ओकारीनेही. जठराला पीळ पडलेलं कुत्रं शस्त्रक्रियेशिवाय सहसा वाचत नाही. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना हा धोका जास्त असतो. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमन ही नावं पशुवैद्यकाच्या पुस्तकात हमखास सापडतात. आपल्याकडच्या कारवानी शिकारी कुत्र्याचीही छाती खोलच असते, त्याच्या मालकानेही बेसावध राहू नये.

या टप्प्याची खूण म्हणजे कोरडी ओकारी. कुत्रं मान खाली घालून पुन्हा पुन्हा जोर लावतं, बाहेर येतो तो नुसता पांढरा फेस नाहीतर लाळ. ते एका जागी बसत नाही, आडवं होतं, लगेच उठतं, वळून स्वतःच्या पोटाकडे बघतं. बरगड्यांच्या मागचा भाग ताणलेला दिसतो.

दुसरं संकट अल्कोहोलचं. ते लवकर रक्तात उतरतं, काही वेळा तासाभरातच. मागचे पाय लटपटतात, दिशा कळत नाही, हाक मारली तर उशिरा बघतं, बसल्या जागी लघवी होते. पुढे गुंगी, अंग गार पडणं, श्वास संथ होणं, रक्तातली साखर घसरणं, कधी झटके. मरण येतं ते बहुतेक वेळा श्वास मंदावत गेल्याने. संग्रामपूरच्या मे महिन्यात याला आणखी एक फाटा फुटतो. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असताना शुद्धीत नसलेलं कुत्रं सावलीकडे सरकत नाही. पडलं तिथे पडून राहतं, आणि अंग गार पडायच्या ऐवजी उन्हाने तापत जातं.

हे कल्पनेचे खेळ नाहीत. अमेरिकेच्या पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात 1984 साली आंबवलेल्या पावाचं कच्चं पीठ खाऊन अल्कोहोलची विषबाधा झालेल्या कुत्र्याची नोंद प्रसिद्ध झाली. 1992 मध्ये ऑस्ट्रेलियातून मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांची हकीगत आली. त्यांना पिझ्झाचं न भाजलेलं पीठ खाऊ घातलं होतं. अन्न वाया जाऊ नये या सद्‌हेतूनेच ते दिलं असणार. आपल्याकडे 'कुत्र्याला टाक' हा शिळ्या-उरल्या अन्नाचा ठरलेला निकाल आहे, म्हणून ही ऑस्ट्रेलियन गोष्ट मला अमेरिकन गोष्टीपेक्षा जवळची वाटते.

आणि त्याहून जवळचं उदाहरण सातपुड्याच्या कुशीतच आहे. तालुक्याच्या उत्तरेला अंबाबरवा अभयारण्य, त्या डोंगरपट्ट्यात मोहाची झाडं. मार्च-एप्रिलात पहाटे फुलं गळतात. अस्वलं ती खातात, हरणवर्गातली जनावरं खातात, माणसं वेचून वाळवतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच असते. नुसतं फूल खाऊन धोका नाही. फुलं पाण्यात भिजत घालून, कधी गूळ आणि नवसागर टाकून, डबक्यात किंवा पिंपात सडवली की जे होतं त्याला इकडच्या पोलिसांच्या पंचनाम्यात आणि वर्तमानपत्रांच्या बातम्यांत 'सडवा मोहमाच' म्हणतात. हातभट्टीवर छापा पडला की शेकडो लिटर सडवा जागीच ओतून नष्ट करतात. रसायनशास्त्राच्या नजरेतून सडवा आणि पावाचं पीठ ही भावंडं आहेत: दोन्हीत साखर, दोन्हीत जिवंत यीस्ट, दोन्हीत वायू आणि अल्कोहोल. फरक एवढाच, की पिठातलं अल्कोहोल बहुतांशी पोटात तयार व्हायचं असतं, सडव्यातलं आधीच झालेलं असतं. वर नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, तेही जनावराच्या पोटाला चांगलं नाही. ओतलेल्या सडव्याचा चोथा नाल्याच्या काठी पडून राहतो, आणि गोड-आंबूस वासाने कुत्री, डुकरं, गुरं तिथे पोचतात.

नोव्हेंबर 2022 मध्ये ओडिशाच्या केओंझर जिल्ह्यात 24 हत्ती जंगलात गाढ झोपलेले सापडले, शेजारी मोह भिजत घातलेली भांडी फुटलेली होती. हत्ती प्यायले असं गावकऱ्यांचं म्हणणं. वन खात्याचे लोक तेवढे ठाम नव्हते, हत्ती नुसते विसावले असतील असंही ते म्हणाले. बातमी देशभर हसत-हसत वाचली गेली. झिंगलेलं जनावर माणसाला विनोदी वाटतं, आणि कुत्र्याच्या बाबतीत नेमकी हीच वृत्ती घातक ठरते. लटपटणाऱ्या कुत्र्याचा व्हिडिओ काढण्यात गेलेला अर्धा तास हा उपचाराचा अर्धा तास असतो.

गावात मात्र लटपटणाऱ्या कुत्र्याकडे बघून सगळेच हसत नाहीत. उलट बरेचदा दगड उचलले जातात. लाळ गळतेय, चालताना तोल जातोय, घशात काही अडकल्यासारखं करतंय: कुत्रं पिसाळलं! रेबीजची भीती रास्तच आहे, कारण एकदा लक्षणं दिसू लागली की तो रोग माणसाला जवळपास कधीच सोडत नाही. इथे पाश्चर पुन्हा भेटतो. जुलै 1885 मध्ये त्याने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या योसेफ माइस्टरला लस देऊन वाचवलं. आंबण्याची क्रिया आणि रेबीज या दोन्हींवर एकाच माणसाने काम केलं, आणि त्याच दोन गोष्टींची गल्लत आज गावच्या चौकात एका कुत्र्याच्या जिवावर उठते.

फरक ओळखायच्या काही खुणा आहेत, पण त्या मदतीपुरत्या, निदानापुरत्या नव्हेत. पिठाची बाधा तासाभरात-दोन तासांत चढते. रेबीजमध्ये वागणं दिवसागणिक बदलत जातं. पिठाच्या बाधेत पोट ताणलेलं असतं, तोंडाला आंबूस वास येतो, आणि शोधलं तर जवळपास रिकामं पातेलं किंवा फाटलेली पिशवी सापडते. कपाशीच्या पट्ट्यात तिसरी शक्यताही मनात ठेवावी लागते, ती कीटकनाशकाची. फॉस्फरसयुक्त फवारणीची औषधं पोटात गेली की लाळेच्या धारा लागतात, स्नायू फडफडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, जुलाब होतात. या तिन्ही गोष्टींचे उपचार वेगळे. पीठ खाल्ल्याचं कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नसेल आणि कुत्रं अनोळखी असेल, तर रेबीज गृहीत धरूनच वागावं: तोंडात हात घालू नये, मुलांना लांब ठेवावं. चावलं किंवा लाळ जखमेला लागली तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुऊन थेट सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची यांतलं काही लावत बसू नये.

घरचंच कुत्रं आहे आणि पीठ त्यानेच खाल्लंय हे नक्की असेल, तर पहिली ऊर्मी असते काहीतरी पाजण्याची. गुराला पोटफुगीत गोडंतेल पाजतात, म्हणून कुत्र्यालाही पाजलं जातं. गुंगीत असलेल्या कुत्र्याला तेल पाजलं की ते फुप्फुसात जाण्याची भीती मोठी. ओकारी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजणं त्याहून वाईट, कारण रक्तात सोडियम वाढून मेंदूला इजा होते. खायचा सोडा पाजला तर जठरातल्या आम्लाशी मिळून आणखी वायूच तयार होणार. दूध, ताक, लिंबू यांनी यीस्टचं काही बिघडत नाही. मुकाट्याने फोन उचलावा हे उत्तम.

पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. तालुक्याला पशुवैद्यकीय दवाखाना आहे, पण तिथलं बहुतेक काम गाई-म्हशी-शेळ्यांचं. कुत्र्याची शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था गाठावी लागते. अंतर मोठं आहे, म्हणून फोनवर पहिल्या मिनिटात काय सांगता याला महत्त्व येतं. 'डॉक्टरसाहेब, कुत्रं झिंगल्यावानी करून राह्यलं' एवढ्याने डॉक्टरला काही कळत नाही. 'बारा किलोचं कुत्रं आहे, तासाभरापूर्वी यीस्ट घातलेलं अर्धा किलो मैद्याचं पीठ खाल्लं, पोट टणक लागतंय, ओकारी येत नाही' एवढं सांगितलं तर ते रस्त्यात असतानाच तयारीला लागतात. यीस्टची पुडी सोबत न्यावी.

डॉक्टर काय करतात, तेही समजून घेण्यासारखं आहे. पीठ नुकतंच पोटात गेलं असेल आणि कुत्रं पूर्ण सावध असेल, तरच ते औषध देऊन ओकारी करवतात. गुंगी सुरू झाल्यावर ओकारी करवणं धोक्याचं. मग भूल देऊन, श्वासनलिका सुरक्षित करून जठरात नळी घालतात आणि थंड पाण्याने धुतात. पाणी मुद्दाम थंड घेतात, कारण गारव्याने यीस्ट मंदावतं आणि गोळ्याचं काम तिथल्या तिथे सुस्तावतं. चिकट गोळा नळीतून निघत नसेल तर पोट उघडावं लागतं. बऱ्याच विषबाधांमध्ये कामाला येणारा कोळसा इथे फारसा उपयोगाचा नाही, तो अल्कोहोलला धरून ठेवत नाही. सलाइन, शिरेतून ग्लुकोज, अंग ऊबदार ठेवणं, श्वासावर लक्ष, एवढ्यावर बरीच कुत्री सावरतात, अट एवढीच की पीळ पडायच्या आत पोचली पाहिजेत.

उरलेलं पीठ टाकायचं कसं, हा प्रश्न मांडवाच्या आचाऱ्याचा आणि घरच्या बेकरीवालीचा. उकिरड्यावर टाकलेलं पीठ मरत नाही, उन्हात जोमाने फुगतं. फ्रीजमध्ये ते मंदावतं, पण मरत नाही. बाहेर काढलं की पुन्हा जागं होतं. यीस्ट मरतं ते साधारण 55 ते 60 अंशांच्या पुढे. म्हणून गोळे थापून तव्यावर किंवा विझत्या तंदूरमध्ये आतपर्यंत भाजून टाकावेत, किंवा उकळत्या पाण्यात कालवून. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. मग ते कुत्र्याने खाल्लं तरी ती रोटीच. जिलेबीचा घोळ आणि इडली-डोशाचं पीठ यांत दुधाचं दही लावणाऱ्या जिवाणूंच्या नात्यातल्या जिवाणूंचा वाटा मोठा असतो, अल्कोहोल त्या मानाने थोडं. तरी वायू होतोच, तेव्हा पातेलं उघडं ठेवू नये.

भाजलेला पाव कुत्र्याला चालतो. दुधात बुडवून एखादी लादी दिली तर त्याचं काही बिघडणार नाही, फारतर वजन वाढेल. मनुका घातलेला बन मात्र देऊ नये. मनुका आणि द्राक्षं यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती मनुकांनी होतात हे कुत्र्यागणिक बदलतं. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली 'शुगर फ्री' बिस्किटं त्याहून वाईट, त्यांनी रक्तातली साखर तासाभरात कोसळते. चॉकलेटचा केकही त्याच यादीतला. साधा लादी पाव, खारी आणि टोस्ट यांच्यावर ही बंदी नाही.